ॲब्सलमच्या शाखेनं उभं राहावं

मिस फेमींचे केस म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. पातळ, पांढरे, सायीसारखे मऊ. कितीही पिना खोचा, मेले कानामागून सुटून यायचे. दर शुक्रवारी त्या माझ्या पार्लरमध्ये येत, बेसिनमध्ये मान टाकत आणि डोळे मिटून कुणाच्या तरी पणजीबद्दल सुरू होत. "वीडा, तुला ठाऊक आहे का, त्या गॅस्किनांच्या सुनेचं माहेर मुळात कॅरोलायनातलं." मला काय करायचंय कुणाच्या माहेराशी? पण डोकं माझ्या हातात असलं तरी तोंड त्यांचं होतं. मी ऐकत राहायचे.

त्यांचं पूर्ण नाव युफेमिया ट्रॅविक. लग्न केलं नाही. जन्मभर पिनोला गावच्या टपाल कचेरीत खिडकीमागे बसल्या आणि नोकरी संपल्यावर चर्चमागच्या छोट्या घरात एकट्या राहिल्या. छंद एकच, घराण्यांची मुळं खणायची. अर्ध्या जॉर्जियातून लोक त्यांच्याकडे यायचे: आमचा खापरपणजोबा कोण, तो कुठल्या पलटणीत होता, त्याला बायका किती. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी माझ्या जुन्या फोर्डमधून त्यांना गावोगावच्या दफनभूमीत फिरवायचे. त्या हातमोजे घालून दगडांवरचं शेवाळ खरवडायच्या आणि मी सावलीला बसून त्यांनी आणलेली चीजची सँडविचं संपवायचे. एकदा मी म्हटलं, "मिस फेमी, तुमची जिवंतांपेक्षा मेलेल्यांशीच ओळख जास्त." त्या म्हणाल्या, "मेलेली माणसं उलटून बोलत नाहीत, वीडा. तू बोलतेस."

ट्रॅविकांचं घराणं मोठं. दर ऑगस्टमध्ये बेथेल चर्चच्या आवारात सगळं गणगोत जमायचं. ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं, तळलेली कोंबडी, लोण्यातल्या शेंगा, पीचचा गोड पदार्थ आणि बर्फ घातलेला चहा. पण हात धुवून बसलात म्हणजे जेवण मिळालं, असं नव्हतं. आधी मिस फेमी चर्चच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि एकेका पूर्वजाचं नाव घ्यायच्या. "जॅस्परच्या शाखेनं उभं राहावं!" की त्याची नातवंडं-पतवंडं खुर्च्या सरकवून उभी. मग पुढचं नाव, मग त्याची पोरंबाळं उभी. सगळ्या शाखा उभ्या राहिल्या की प्रार्थना, आणि मग कोंबडी. माझा नवरा, देव त्याला सुखी ठेवो, जॅस्परच्या शाखेतला. म्हणून मीही उभी राहायचे. टेबलांमागे पांढरा एप्रन बांधून, दर वर्षी स्वैपाकाला येणारी काळी झिपोरा उभी असायची. कोंबडी तिच्या हातची, चहाही तिच्या हातचा. तो चहा प्यायला म्हणून दोन दोन जिल्ह्यांवरून लोक येत.

आता इथे आमच्याकडच्या एका रीतीबद्दल सांगायलाच हवं. म्हाताऱ्या काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणायला आमच्या गोऱ्यांची जीभ वळायची नाही. नुसत्या नावानं हाक मारावी तर त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून आपलं आपल्यालाच कसंतरी व्हायचं. मग त्याला 'अंकल' म्हणायचं. काका. मान द्यायचा नाही म्हणून नातं द्यायचं. मी स्वतः लहानपणी डझनभर काळ्या काकांच्या अंगाखांद्यावर खेळले आणि त्यांतल्या एकाचंही आडनाव मला ठाऊक नव्हतं.

मिस फेमींनी आपल्या घराण्याचं एक पुस्तक छापलं होतं. निळ्या कापडी बांधणीचं. प्रत्येक ट्रॅविकाच्या दिवाणखान्यात ते बायबलच्या खालोखाल असायचं. त्याच्या शेवटी, घोडे आणि कोठारं यांच्या यादीजवळ एक ओळ होती: 'अंकल ॲब्सलम, घरचा इमानी नोकर. त्याला ओढ्याकाठी मेहेरबानीनं राहायला जागा दिली होती.' झिपोरा त्या ॲब्सलमची नात. आडनाव तिचंही ट्रॅविक, लग्नानंतरही तेच. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. गुलामांनी मालकाचं आडनाव लावलेलं, असं म्हणून सगळे मोकळे.

मग मिस फेमींचा चुलतभाऊ हॉलिस वारला. बायको नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. मागे ओढ्यापर्यंत पसरलेलं पाइनचं रान. प्रेताला माती मिळते न मिळते तोच पुतणे-भाचे सुतकी कपड्यांतच भांडायला लागले. या सगळ्यांचा म्होरक्या कॉलियर, मिस फेमींचा पुतण्या. त्याचं बोलणं साखरेत घोळलेलं आणि नजर घारीची. एका कागद कारखान्याला ते सगळं रान एकत्र हवं होतं. आडवं येत होतं फक्त ओढ्याकाठचं झिपोराचं घर, तिच्या मुलाचं मक्याचं शेत आणि त्यामागची त्यांची दफनभूमी.

झिपोराचं म्हणणं असं, की ती जमीन त्यांच्या हिश्श्याची आहे. उत्तर-दक्षिणेच्या लढाईनंतर, गुलाम मोकळे झाले तेव्हा, जॅस्परनं स्वतः ॲब्सलमला हाताला धरून सीमा दाखवली आणि म्हणाला, हे तुझं. कागद नाही. कॉलियरचं म्हणणं, नोकराला कसला हिस्सा? मेहेरबानीनं राहत होते, मेहेरबानी संपली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि सगळं येऊन एका प्रश्नावर अडकलं: ॲब्सलमची माणसं तिथे कृपेनं राहिली की हक्कानं? त्यांच्यापैकी कुणी साक्ष द्यायची तर झिपोरा देणार. आमच्याकडून मिस फेमी, आणि त्यांचं ते निळं पुस्तक.

एका शुक्रवारी कॉलियर थेट माझ्या पार्लरमध्ये घुसला. बायका केस सुकवायच्या यंत्राखाली डोकी घालून बसलेल्या, आणि हा बाप्या मध्येच!

"आत्या, तुम्हाला काही करायचं नाही. पुस्तकात लिहिलंय तेवढं फक्त 'हो' म्हणायचं."

"पुस्तकात चूक नसते माझ्या," मिस फेमी बेसिनमधूनच म्हणाल्या.

"तेच तर! तुमच्यासारखं पक्कं कुणाचं काम नाही."

"साबण डोळ्यांत गेला तर तुझ्या आत्या साक्षीलाही यायच्या नाहीत," मी म्हटलं, "तेव्हा आता निघ."

मिस फेमींचा स्वभाव असा, की न्यायालयात जायच्या आधी एकदा सगळं पडताळून पाहायचं. जॅस्परची एकच लेक अजून हयात होती, मिस फेमींची आत्या डोशा. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, पण जीभ शाबूत. मी त्यांना तिच्याकडे घेऊन गेले. आत्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून मटारच्या शेंगा सोलत होती, नुसत्या बोटांच्या अंदाजानं.

"आत्या, अंकल ॲब्सलम तुला आठवतात?"

"न आठवायला काय झालं? रविवारी सकाळी याच ओसरीवर तो पपांची दाढी करायचा. आम्ही पोरं त्याला अंकल म्हणायचो."

"आणि आजोबाही अंकल म्हणायचे?"

"छे! पपा कशाला म्हणतील? पपा बब्बा म्हणायचे. 'बब्बा, जरा जपून, हनुवटी शिल्लक ठेव.' आणि दोघं खोकेपर्यंत हसायचे."

माझ्या हातातला शेंगांचा वाडगा तसाच राहिला. बब्बा हा शब्द आमच्याकडे 'ब्रदर' म्हणता न येणाऱ्या लहान मुलाच्या बोबड्या तोंडून आलेला आहे. धाकटा भाऊ थोरल्याला म्हणतो. तो नोकराला कुणी म्हणत नाही, शेजाऱ्याला नाही, मित्रालाही नाही. फक्त भावाला.

"आत्या, बब्बा म्हणजे..." मिस फेमींनी विचारलं.

"म्हणजे काय? भाऊ होता तो पपांचा. पपांचे वडील मिकाजा, त्यांचाच हा मुलगा, फक्त आई स्वैपाकघरातली गुलाम. फेमी, तुला मागेही सांगितलं होतं मी. एवढी शिकलेली तू आणि तुझं डोकं म्हणजे चाळण."

परतीच्या वाटेवर मिस फेमी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "खरंच सांगितलं होतं तिनं. पुस्तक लिहीत होते तेव्हा. अगदी असंच. बब्बा म्हणाली होती."

"मग?"

"मला वाटलं, म्हातारी बोलण्यात घसरली. मी दुरुस्त केलं."

"वाटलं, की वाटून घेतलंत?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला माझ्या जिभेचा राग आला, पण शब्द परत घेतले नाहीत.

त्यानंतर त्यांचं खाणंपिणं सुटलं. केस धुताना हाताला कवटीची हाडं लागायला लागली. सारख्या एकच घोकत: "नोकर लिहिलं मी, वीडा. माझ्या आजोबांच्या भावाला मी घोड्यांशेजारी बसवलं." मी म्हटलं, घोकून काय होणार, न्यायालयात सांगा. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ओढ्याकाठी गाडी न्यायला लावली.

झिपोरा अंगणात कपडे वाळत घालत होती. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. ती हातातली चादर तशीच धरून म्हणाली, "या, मिस फेमी. बसा म्हणत नाही, तुम्ही बसणार नाही हे माहीत आहे."

मिस फेमी खरंच उभ्याच राहिल्या. "झिपोरा, मला आत्ता कळलं. ॲब्सलम माझ्या आजोबांचा भाऊ होता."

झिपोरा हसली नाही, चकितही झाली नाही. "आत्ता कळलं होय? आमच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्यात ते कुणी सांगत नाही, कारण सांगायला काही नवं नसतं. तुम्ही एवढी गावं पालथी घालता, मिस फेमी, पण या वाटेनं कधी आला नाहीत."

"चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. उद्या विचारतील तुम्हाला. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील. सांगाल?"

"सांगेन," मिस फेमी म्हणाल्या. "शब्द देते तुला."

झिपोरानं चादरीला चिमटा लावला. तिच्या मागे त्यांच्या थडग्यांवर सदाफुलीसारखी वेल पसरली होती, निळ्या फुलांची. मिस फेमी त्या वेलीकडे बघत राहिल्या आणि मग गाडीत येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी न्यायालय ट्रॅविकांनी भरलेलं. रविवारच्या टोप्या, रविवारचे बूट, जणू लग्नाला आलेत. झिपोरा आणि तिचा मुलगा मागच्या बाकावर. कॉलियरच्या वकिलानं निळं पुस्तक उघडलं आणि ती ओळ वाचून दाखवली.

"मिस ट्रॅविक, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"ॲब्सलमला सगळे अंकल म्हणत?"

"हो, म्हणत."

"आपल्या भागात म्हाताऱ्या नोकरांना अंकल म्हणायची रीतच आहे, नाही का?"

मिस फेमींनी तोंड उघडलं. मी पहिल्या बाकावर होते. सांगा ना, मी मनात म्हटलं, सांगा की हो, देवा! त्यांची नजर समोरच्या बाकांवरून फिरली. जॅस्परची शाखा, आमोसची शाखा, सगळ्या शाखा तिथे बसलेल्या, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

"रीत आहे," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे."

आणि त्या खाली उतरल्या. झिपोराच्या वकिलाला विचारायला फारसं काही उरलंच नव्हतं. तो बिचारा दूरच्या शहरातून आलेला पोरगेलासा होता. त्यानं विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? मिस फेमी मान हलवून 'नाही' म्हणाल्या. झिपोरानं काय सांगितलं ते न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, पण पुस्तक छापील होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "वीडा, मी एक अक्षर खोटं बोलले नाही."

"तेच तर वाईट झालं," मी म्हटलं. मी भयंकर संतापले होते. "खोटं बोलला असतात तर निदान देवाकडे माफी तरी मागता आली असती." हे मी बोलायला नको होतं. पण बोलले.

जमीन गेली. पानगळ व्हायच्या आत घर पाडलं, मका नांगरला. थडगी तेवढी राहिली, भोवती तारेचं कुंपण घालून. झिपोरा गावात, सूतगिरणीमागच्या भाड्याच्या खोल्यांत मुलासोबत राहायला आली. कॉलियरनं नवी गाडी घेतली. मिस फेमींनी शुक्रवारी यायचं बंद केलं. मीच त्यांच्याकडे जाऊन केस धुवायचे, तर त्या म्हणत, "राहू दे गं, कशाला नटवतेस मला." मुळं खणणं तर त्यांनी पार सोडलं. कुणी पणजोबा विचारत आला, तर दारातूनच म्हणत, "मला काही कळत नाही त्यातलं. दुसरा कुणी बघा."

पुढच्या ऑगस्टमध्ये बेथेलला सगळे जमले. टेबलांमागे कुणी नवीनच बाई होती, कोंबडी करपलेली आणि चहा असा की तोंड वाकडं व्हावं. मिस फेमी येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण त्या आल्या. केस मी सकाळीच नीट बसवले होते आणि त्यांनीही एकदाचे बसवू दिले होते. पायरीवर चढल्या, हातात काही नव्हतं. नावं त्यांना पाठच होती.

"मिकाजाचा मुलगा जॅस्पर. जॅस्परच्या शाखेनं उभं राहावं."

आम्ही उभे राहिलो.

"मिकाजाचा मुलगा आमोस. आमोसच्या शाखेनं उभं राहावं."

तेही उभे राहिले. मग मिस फेमींनी श्वास घेतला.

"मिकाजाचा थोरला मुलगा ॲब्सलम. माझ्या आजोबांचा बब्बा. ॲब्सलमच्या शाखेनं उभं राहावं."

कुणाची तरी बायको 'अगं बाई' म्हणाली. कॉलियरनं हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, "कुणी नाही आत्या, पुढचं घ्या."

"मी थांबते," मिस फेमी म्हणाल्या.

आणि खरंच थांबल्या. लेकरं रडायला लागली, बर्फ वितळला. शेवटी एकेक जण खाली बसला आणि प्रार्थनेविनाच जेवायला लागला. मिस फेमी पायरीवर तशाच. ऊन सरकत सरकत त्यांच्या तोंडावर आलं तरी हलल्या नाहीत. शेवटी मीच जाऊन त्यांना खाली उतरवलं. वरातीमागून घोडं, असं कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, आणि मला ते खोडता आलं नाही.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "सूतगिरणीकडे घे."

झिपोरा दारातच पायरीवर बसली होती, पंख्यानं वारा घेत. आम्ही इतकी वर्षं तिला 'झिपोरा' म्हणत आलो. मिसेस ट्रॅविक म्हणायला हवं होतं, निदान आता तरी म्हणावं. तर मिसेस ट्रॅविक आम्हाला बघून उठल्या नाहीत.

मिस फेमी रस्त्यावरच उभ्या राहिल्या. कपाळ उन्हानं लाल झालेलं, आणि मी बसवलेले केस कानामागून सुटलेले. "मी त्यांचं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "आज, सगळ्यांसमोर. भाऊ म्हटलं. शाखेनं उभं राहावं म्हटलं. मी खूप वेळ थांबले, पण..." त्यांचा आवाज चिरकला. "पण कुणी उभं राहिलं नाही."

मिसेस ट्रॅविकांच्या हातातला पंखा थांबला. त्यांनी मिस फेमींकडे वर पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उभी तर मी दर वर्षीच होते, मिस फेमी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं. तुमच्या त्या टेबलांमागे, हातात चहाचा जग धरून. नाव घ्यायचं तेवढं राहिलं तुमचं."

त्या पायरीवर दुसऱ्या माणसाला बसायला जागा होती, पण कुणी बसा म्हटलं नाही. थोड्या वेळानं मिसेस ट्रॅविक पंखा हलवायला लागल्या. मिस फेमी, हात दोन्ही बाजूंना सोडून, अंधार पडेपर्यंत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.